एक वीत तार

हल्ली रेंज हा शब्द शेंबड्या पोरालाही येतो. माझा मुलगा हिंजवडीला कामाला जातो. संध्याकाळी कंपनीच्या गाडीत अडकला की फोन करतो आणि निम्मं बोलून झालं की म्हणतो, "बाबा, रेंज नाही, ठेवतो." ठेव बाबा. आम्ही त्याला पल्ला म्हणायचो, आणि समोरून जे उत्तर यायचं त्याला पोच. दोन्ही शब्द सुमनचे. सुमन म्हणजे माझी बायको. ज्या दिवसांचं लिहितोय तेव्हा बायको नव्हती, भोसरीच्या एका शेडमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर तारा कापणारी मुलगी होती. ती जाऊन आता वर्ष होईल. दिवसभर घरात एकटा बसून काय करता, लिहा काहीतरी, असं मुलगा म्हणाला म्हणून लिहितोय. माझं शिक्षण सातवी. चुका ती काढायची, आता राहतील तशाच.

तेव्हा मी अठराचा होतो. पिंपरीत रेल्वेच्या रुळांना लागून आमची चाळ होती, तिच्यात एक खोली. खोलीत मी आणि माझा बाप. आई मी दहाचा असताना गेली. बाप फौंड्रीत कायम रातपाळीला. म्हणजे एकच खाट दोघांना पुरायची, रात्री माझी आणि दिवसा त्याची. तो सकाळी यायचा तेव्हा मी निघण्याच्या तयारीत असायचो. अर्धा तास आम्ही दोघं खोलीत असायचो आणि त्या अर्ध्या तासात चार शब्दही होत नसत. तो स्टोला पंप मारायचा, भाकऱ्या थापायचा. पुरुषाच्या हातच्या भाकऱ्या, जाड आणि कडेला कच्च्या. त्यावर सुकटीची चटणी नाहीतर लसणाचं तिखट. माझा डबा भरून उरलेलं परातीखाली झाकून ठेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मग घरात आवाज करायचा नाही. बादलीची कडी वाजू द्यायची नाही, पितळी हळू ठेवायची. संध्याकाळी मी आलो की तो निघून गेलेला असायचा. परात उपडी असली तर खाली माझं जेवण आहे, उताणी असली तर आज काही नाही, बाहेर खा. आमचं बोलणं ते एवढंच, परातीवरून. शेजारच्या खोल्यांमधून भांडणं, रेडिओ, पोरांचं रडणं सगळं ऐकू यायचं आणि मी आमच्या खोलीत भाकरी चावायचो तर त्याचा आवाज मला मोठा वाटायचा. मी तेव्हा बापाला मनात घुम्या म्हणायचो. आता मीही दिवस दिवस कुणाशी बोलत नाही. सून विचारते, बाबा काही हवंय का, तर मान हलवतो. आई जाऊन त्याला आठ वर्षं झाली होती तेव्हा. मला अजून एकच होतंय.

शेड भोसरीला होतं. साहेब मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आलेले इंजिनिअर. बारीक माणूस, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. त्यांनी एक वस्तू बनवली होती. वस्तू म्हणजे हातात मावेल एवढी डबी, तिच्यावर एक बटण, एक लाल दिवा, एक हिरवा दिवा आणि वर काळ्या प्लास्टिकची बंद नळी. अशा दोन डब्यांची जोडी. एका डबीचं बटण दाबलं की दुसऱ्या डबीचा लाल दिवा लागायचा, आणि तिने ऐकलं की ती आपोआप उलट उत्तर धाडायची, मग आपल्या हातातल्या डबीवर हिरवा. मध्ये तार नाही, काही नाही. बिनतारी. आत दोन पेन्सिल सेल, त्यावर महिनोन् महिने चालायची, म्हणून तिची ताकदही तेवढीच. चाकणच्या बाजूला एका कारखान्याला ती हवी होती. त्यांच्या भट्टीला गार करायला पाणी लागायचं आणि पंपघर पार मागे डोंगराच्या अंगाला. भट्टीवाल्याला पाणी हवं झालं की एक माणूस सायकल मारत जायचा. त्याऐवजी बटण दाबायचं, पंपवाल्याला दिवा दिसेल आणि भट्टीवाल्याला कळेल की निरोप गेला. अशा वीस जोड्या सांगितल्या होत्या. साहेबांचं ते पहिलं खरं काम.

कामाला आम्ही दोघंच. सुमन माझ्या आधी सहा महिने लागलेली आणि वयाने वर्षाने मोठी, त्यामुळे मला अरे-तुरे करायची. लग्नानंतर चारचौघांत अहो म्हणायची, घरात अरेच. तिचं काम एरियलचं. एरियल म्हणजे तांब्याची तार, ती कापायची, बुडाशी कथलाने जोडायची, काळ्या नळीत सरकवायची आणि नळीच्या तोंडावर टोपी बसवायची. माझं काम बाकीचं जोडकाम. जोडी तयार झाली की पल्ला बघायला जायचं. शेडच्या मागे सरळ रस्ता होता, त्याला विजेचे खांब. एक डबी शेडच्या खिडकीत ठेवायची, दुसरी घेऊन चालायचं, दर खांबाला थांबून बटण दाबायचं. हिरवा लागला की पुढे. डबी डोक्यावर धरायची, कारण पोटाशी धरली तर माणसाचं अंगच आडवं येतं, असं साहेब सांगायचे. सुमन दोन्ही हातांनी डबी डोक्यावर धरून चालली की रस्त्यावरचे ट्रकवाले ओरडायचे, "काय गं, टोपली कुठं विसरली?" ती मागे न बघता म्हणायची, "तुझ्या सासरी." आणि मला खांबावरून ओरडून सांगायची, "पोच आली रे!" तिच्या जोड्या सातव्या खांबापर्यंत जायच्या. कारखान्याला पाच खांबांएवढा पल्ला हवा होता.

अकरा जोड्या झाल्या आणि तिला कावीळ झाली. डोळे पिवळे घेऊन ती दोन दिवस तशीच येत होती, शेवटी साहेबांनीच घरी धाडलं. जाताना मी विचारलं, "एरियलचं काय करू? माप काय?"

"माप कसलं? एक वीत तार. बास."

"आणि नळीत?"

"नळीत सारायची. जाते बरोबर."

मी तिच्या टेबलावर बसलो. वीत म्हटल्यावर वीत. अंगठा आणि करंगळी ताणून माप घ्यायचं हे जगात कुणाला सांगावं लागत नाही. मी तर हात चांगला ताणून घ्यायचो. आखूड पडायला नको, तार जेवढी मोठी तेवढं लांब जाणार, उलट थोडं जास्तच द्यावं, अशी माझी अक्कल. ती नळीत मावत नव्हती. वरचा भाग दुमडून कोंबावा लागायचा. मला वाटलं सुमनही कोंबतच असेल, म्हणून तर म्हणाली जाते बरोबर. टोपी बसली की बाहेरून सगळ्या डब्या सारख्याच.

माझी पहिली जोडी तिसऱ्या खांबाला मेली. दुसरीही तिसऱ्यालाच. मी चौथ्या खांबाशी डबी डोक्यावर धरून बटण दाबतोय, दाबतोय, हिरवा लागत नाही. रस्ता मोकळा, शेडच्या खिडकीत दुसरी डबी दिसतेय, एवढी जवळ, आणि उत्तर नाही. त्या वेळी काय वाटलं ते मला नीट सांगता यायचं नाही, पण आता घरात मी कधी कधी स्वयंपाकघराकडे तोंड करून काहीतरी विचारतो आणि मग आठवतं, तसंच काहीसं.

साहेबांनी आधी सेल बदलले. फरक नाही. मग त्यांना वाटलं, रस्त्याच्या कडेला नवीन पत्र्याचं शेड उभं राहिलंय ते आडवं येत असेल, म्हणून आम्ही दुसऱ्या रस्त्याला गेलो. तिथेही तेवढंच. मग त्यांनी सुमनची एक जोडी काढली आणि पहिल्याच रस्त्याने मला पाठवलं. सातवा खांब. म्हणजे रस्ता, पत्रा, हवा सगळं निर्दोष. मग सुमनची एक डबी आणि माझी एक. पाचवा खांब, तोही अडखळत. साहेब वहीत लिहीत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. दोन दिवस त्यांनी माझ्या डब्या उघडल्या, भिंग लावून प्रत्येक सांधा बघितला, ट्रान्झिस्टर काढून दुसरे घातले. सगळं सुमनच्या डब्यांसारखंच. नळीची टोपी मात्र कुणी काढली नाही. नळीत तारच तर असते, तिच्यात बिघडण्यासारखं काय?

त्या आठवड्यात माझी एक डबी खराब झाली होती. खराब म्हणजे कथील लावताना तापलेलं टोक तारेच्या वरच्या भागाला लागलं, वरचं प्लास्टिकचं कवच वितळून काळं झालं. मी दोन बोटं तार कापून टाकली, उरलेली नळीत सोडली. ती न दुमडता सरळ आत गेली. आखूड तारेची डबी म्हणजे बाद माल, साहेबांनी बघितली तर आणखी बोलणी बसतील, म्हणून ती मी टेबलाखाली रद्दीच्या खोक्यात दडवली. तिचा पल्ला बघितलाच नाही.

गुरुवारी साहेब म्हणाले, "मधुकर, शनिवारी त्यांचा माणूस माल बघायला येतोय. वीस जोड्या चालल्या नाहीत तर मला हे बंद करावं लागेल. तुला आधीच सांगून ठेवतो, ऐन वेळी नको." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी घरी आलो तर परात उपडी होती आणि तिच्या वर, भिंतीच्या खिळ्याला, खाकी डगला टांगलेला. फौंड्रीचा. जुना, कुणाचा तरी वापरलेला, बाह्यांवर ठिणग्यांची भोकं. बापाने मुकादमाशी बोलून ठेवलं असणार. त्याला काही सांगितलेलं नव्हतं मी, पण डबा अर्धा परत यायला लागला होता, त्यावरून कळलं असेल. सकाळी तो आला तेव्हा मी डगल्याकडे बघून विचारलं, "हे काय?"

"सोमवारपासून ये. शेडबिड काय खरं न्हाई."

"आणि शेड चाललं तर?"

"चाललं तर चाललं," म्हणाला आणि स्टोला पंप मारायला लागला. त्याच्या हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, पांढरे डाग होते भाजल्याचे. मी लहानपणापासून बघत आलो होतो. त्या सकाळी पहिल्यांदा मोजावेसे वाटले. मोजले नाहीत. मला फौंड्रीत जायचं नव्हतं, हे मला त्या वेळी पक्कं कळलं, आणि बापाला ते सांगायचं धाडस नव्हतं.

शुक्रवारी साहेब कुठला तरी सुटा भाग आणायला पुण्याला गेले. मी एक डबी पिशवीत घातली आणि सुमनच्या घरी गेलो. ती खराळवाडीत राहायची. दार उघडंच होतं. ती भिंतीला टेकून बसलेली, अंगावर गोधडी, समोर वाटीत ज्वारीच्या लाह्या. पिवळी पडली होती, नखंसुद्धा. तिची आई चुलीपाशी होती. बाई सोलापूरकडची, जिभेला धार.

"ह्यो कोन?" तिने विचारलं.

"शेडमधला मधुकर. आई, पाणी दे त्याला."

"पानी देते. पन तेलकट काय आनलं असशील तर भाईर ठेव बाबा. तिला चालत न्हाई."

मी काही आणलंच नव्हतं. रिकाम्या हाताने गेलो होतो, ही लाज अजून आहे. मी सुमनला सगळं सांगितलं. सेल, पत्रा, ट्रान्झिस्टर, तिसरा खांब. तिने डबी हातात घेऊन उलटसुलट केली.

"एरियल कशी केलीस?"

"तू सांगितलीस तशी. एक वीत."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे?"

"अरे, वीत कुणाची?"

तिने लाह्यांची वाटी बाजूला सरकवली आणि आपला हात फरशीवर ठेवला, बोटं ताणून. म्हणाली, "ठेव इथं तुझा." मी शेजारी ठेवला. अंगठ्याला अंगठा लावून. तिची करंगळी जिथे संपली तिथून माझी आणखी दोन-तीन बोटं पुढे गेलेली. आम्ही दोघंही बघत राहिलो. मी असा कधी कुणाच्या हाताशेजारी हात ठेवला नव्हता. आमच्या घरात कोण कुणाचा हात धरणार?

"हे काय चाललंय?" आई चुलीवरून ओरडली. "हात कशाला मोजताय?"

"हा रेडा आहे, ते मोजतोय," सुमन म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिला ओकारी आली. आई पदराला हात पुसत धावली आणि मला म्हणाली, "तू ऊठ आता. हसवू नको तिला."

मी उठलो तर सुमनने थांब म्हणून खूण केली. देवळीतलं शिवणाचं रीळ घेतलं, दोरा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणला, दाताने तोडला आणि माझ्या हातात दिला. "एवढी. दुमडायची नाही, सरळ गेली पाहिजे." मग म्हणाली, "साहेबांनी पहिल्या दिवशी पट्टी लावून दिली होती. माझी वीत नेमकी त्या मापाची निघाली, तर म्हणाले, पट्टी ठेव बाजूला, तुझा हातच पट्टी. मी तुला सांगायचं विसरले."

दारातून निघताना मला टेबलाखालची ती डबी आठवली.

शनिवारी मी सात वाजताच शेडमध्ये गेलो. बापाची वाट बघितली नाही. रद्दीच्या खोक्यातून बाद डबी काढली, टोपी काढून दोरा लावला. एका नखाएवढा फरक. खिडकीत सुमनची डबी ठेवली आणि ही घेऊन निघालो. तिसरा खांब, हिरवा. चौथा, हिरवा. पाचव्याला बटण दोनदा दाबून बघितलं. हिरवा. सातव्याला हिरवा. मी आठव्यापर्यंत गेलो, तिथे मात्र नाही लागला, पण तिथे तिच्या डब्यांवरही लागत नव्हता. रस्त्यात कुणी नव्हतं. पोच आली असं ओरडून सांगायला कुणी पाहिजे होतं, ते माझ्याकडे नव्हतं. मी तसाच पळत परत आलो आणि माझ्या सगळ्या नळ्यांच्या टोप्या काढायला बसलो.

साहेब नऊला आले. मी त्यांना दोरा दाखवला आणि सगळं सांगितलं, दडवलेल्या डबीसकट. ते स्टुलावर बसले. बराच वेळ दोरा बोटाला गुंडाळत राहिले.

"दोन दिवस मी ट्रान्झिस्टर बदलत बसलो," ते म्हणाले, "आणि माप कागदावर लिहिलं नाही. चूक तुझी नाही, मधुकर. पण एक सांग, ती डबी दडवली का?"

"आखूड झाली होती. वाटलं, वाया गेली."

"तीच एक बरोबर होती." मग त्यांनी समजावून सांगितलं की या लहरींना तारेचं ठरावीक माप लागतं, कमी नाही आणि जास्तही नाही, मोठी झाली की ताकद बाहेर पडायच्या ऐवजी आतच घुटमळते. मला तेव्हा निम्मं कळलं. आजही निम्मंच कळतं.

दुपारी कारखान्याचा माणूस आला. आम्ही तोवर माझ्या सगळ्या डब्या दुरुस्त केल्या होत्या. तो चिठ्ठीवर बोट ठेवून कुठलीही जोडी सांगायचा आणि मी ती घेऊन चालायचो, डबी डोक्यावर धरून. ट्रकवाले मलाही ओरडले. पाचव्या खांबाशी तो माणूस माझ्याबरोबर होता. दिवा लागला तशी त्याने चिठ्ठीवर खूण केली आणि पुढची जोडी सांगितली. असं सगळ्या जोड्यांचं झालं.

घरी आलो तर बाप निघून गेलेला. परात उपडी. जेवलो. मग एक चांगली जोडी साहेबांना विचारून आणली होती, तिची एक डबी परातीवर ठेवली, सकाळी त्याला दिसेल अशी. रविवारी तो आला, डबी बघितली, उचलली, बटण दाबलं. दुसरी माझ्या खिशात होती. त्याच्या डबीवर हिरवा लागला.

"चालती व्हय?" त्याने विचारलं.

"चालते."

त्याने आणखी एकदा दाबलं, आणि आणखी एकदा. मग डबी खाली ठेवली आणि भाकऱ्या केल्या. सोमवारी संध्याकाळी घरी आलो तेव्हा खिळा रिकामा होता. डगला त्याने पत्र्याच्या पेटीत तळाशी घालून ठेवला होता. पेटी उघडली तेव्हा सापडला.

सुमन तीन आठवड्यांनी परत आली. साहेब म्हणाले, आता वीतबीत नाही, पट्टी वापरा. ती म्हणाली, "पट्टी रोज शोधायची कुणी? तुम्हीच नेता खिशातून." मग साहेबांनी तिला टेबलाच्या कडेला हात ठेवायला सांगितला, अंगठ्यापाशी एक खिळा ठोकला आणि करंगळीपाशी एक, शेजारी पट्टी लावून. पुढची कितीतरी वर्षं आम्ही त्या दोन खिळ्यांमध्ये तारा कापल्या. दोन वर्षांनी विहारात आमचं लग्न लागलं. माझा बाप तिच्या हातच्या पातळ भाकऱ्या खायचा आणि काही बोलायचा नाही, पण परात कायम चाटूनपुसून स्वच्छ. शेड बंद झालं तेव्हा साहेबांनी विचारलं, काय नेतोस? मी टेबलाची ती फळी आणली. सुमनने तिची स्वयंपाकघरात मांडणी केली. मिठाची बरणी, तेलाची, आणि एका खिळ्याला चिमटा, दुसऱ्याला गाळणी.

परवा सून म्हणाली, "बाबा, हे खिळे काढून टाकते, ओढणी अडकते माझी." मी नको म्हणालो. मग कसं सांगायचं ते सुचेना म्हणून घसरलो तिच्यावर, तेही बरं केलं नाही. तिने चिमटा आणि गाळणी दुसरीकडे लावली, तेवढंच. दुपारी सगळे गेले की मी तिथे उभा राहतो. कडेला हात ठेवतो, एका खिळ्याला अंगठा टेकवून. करंगळी दुसऱ्या खिळ्याच्या पुढे जाते, तेव्हा गेली होती तेवढीच. मग ती हळूहळू आत ओढून घेतो. सांधे आता नीट दुमडत नाहीत, कळ येते. खिळा बोटाला लागला की थांबतो, आणि हात तसाच ठेवतो.